कोलार हें आडनांव आणि यान कोलारचें व्युत्पत्तिप्रकरण

इ. स. १८३९ सालीं हंगेरीच्या राज्यांतील पेश्त शहरीं 'स्लावा बोहिन्ये', म्हणजे 'देवी स्लावा', या नांवाचा एक चेक ग्रंथ प्रसिद्ध झाला. ग्रंथकर्ता यान कोलार (१७९३–१८५२) हा तेथील लुथेरपंथी स्लोवाक मंडळीचा धर्मोपदेशक व त्या काळचा नामांकित कवि. ग्रंथ पत्ररूप असून तीं पत्रें त्यानें आपला स्नेही पावेल योसेफ शाफारिक यास उद्देशून लिहिलीं आहेत. भारतीय व स्लाव लोकांचें जीवन, भाषा आणि दैवतकथा यांतील साम्य दाखविणारीं परिशिष्टें ग्रंथास जोडलीं आहेत, हें तर मुखपृष्ठावरच नमूद आहे. आमच्या देशाशीं व देववाणीशीं इतकें जवळचें नातें सांगणाऱ्या ग्रंथाचें परीक्षण या पृष्ठांतून व्हावें हें योग्यच होय. परंतु आम्ही तें ग्रंथांतील एकेक समीकरण खोडीत बसून करणार नाहीं. तें काम सोपें आहे, व म्हणूनच निष्फळही आहे. आम्ही ग्रंथकर्त्याचें आडनांवच परीक्षणास घेतों. ज्या नात्याच्या शोधांत हा विद्वान् सज्जन आयुष्यभर हिंडला, त्याचा खरा पुरावा त्या आडनांवाच्या पूर्वार्धांत आहे; आणि ज्या खड्ड्यांत तो पडला, तसलाच खड्डा त्याच्या उत्तरार्धांत आहे.

कोलार हें आडनांव धंद्यावरून पडलें आहे. चेक भाषेंत 'कोलो' म्हणजे चाक, आणि चाकें करणारा तो 'कोलार्झ'. येथील शेवटचा वर्ण र व झ एका झटक्यांत उच्चारावे तसा आहे. सुमारें तेराव्या शतकांत चेक भाषेंतील मृदु र-कार या उच्चाराकडे वळला. स्लोवाक भाषेंत हा फरक झाला नाहीं, म्हणून तिकडे 'कोलार' असेंच म्हणतात. कवीच्या नांवांत 'ल' दोनदां लिहितात, ती केवळ जुनी लेखनाची चाल होय. अर्थ त्यानें बदलत नाहीं. या नांवाचीं प्रसिद्ध माणसेंही थोडीं नाहींत. व्हिएन्ना येथील बादशाही ग्रंथालयाचा अधिकारी आदाम फ्रांतिशेक कोलार (१७१८–१७८३) हा तेर्खोव्हा गांवचा स्लोवाक. 'एथ्नोलोगिया' हा शब्द त्यानेंच १७८३ सालच्या आपल्या लॅटिन ग्रंथांत योजून त्याची व्याख्या दिली. त्या ग्रंथावर त्याचें नांव 'कोलारियुस' अशा लॅटिन वेषांत येतें, आणि तें पाहून एखाद्यास हा रोमन घराण्याचा वंशज वाटावा. अलीकडच्या काळांतील चेक कवि व चित्रकार यिर्झी कोलार्झ (१९१४–२००२) हाही याच आडनांवाचा.

हा धंदा नुसता चाकाचा नव्हता. गाडा, नांगर, कुळव, बर्फावरची घसरगाडी, हातगाडी अशीं शेतीचीं सर्व लांकडी साधनें कोलार्झ करी. परंतु चाक हेंच त्याच्या कौशल्याची कसोटी. मधला तुंबा, तुंब्यांत ठोकलेले आरे, आणि आऱ्यांवर बसविलेले पुठे, अशी त्याची रचना आमच्याकडील गाड्याच्या चाकासारखीच असे; नाभि, अर, नेमि हे वैदिक शब्द तेथें तंतोतंत लागू पडतात. तुंबा बहुधा एल्मचा, आरे ओकचे, पुठे ॲश किंवा बीच या झाडांचे. लांकूड वर्षानुवर्षे वाळवावें लागे, कारण ओला तुंबा सुकला म्हणजे आरे खिळखिळे होतात. चाक झालें कीं तें शेजारच्या लोहाराकडे, म्हणजे 'कोवार्झ'कडे, जाई. तो लोखंडी धाव तापवून चढवी आणि पाणी ओतून आवळी. एकावांचून दुसऱ्याचें चालत नसे, म्हणून पुष्कळ गांवांत कोलार्झ व कोवार्झ यांची श्रेणी एकच असे. आज आडनांवांच्या यादींतही हीं दोन्ही नांवें त्या देशांत पदोपदीं भेटतात.

आतां शब्दाकडे वळूं. 'कोलो' याचा संस्कृत सगोत्र शब्द 'चक्र' होय, असें सांगितलें असतां ज्यांस भाषाशास्त्राचा परिचय नाहीं ते हंसतील. दोहोंत एक अक्षरही सारखें दिसत नाहीं. पण नातें तेथेंच आहे. ज्या मूळ भाषेपासून संस्कृत, ग्रीक, लॅटिन, स्लाव व जर्मन या भाषा निघाल्या, तींत 'क्वेल्' असा एक धातु होता. अर्थ फिरणें, वळणें. आमचा 'चर्' हा त्याचाच वंशज. या धातूची द्विरुक्ति होऊन 'क्वे-क्वल्-ओ' असें नाम बनलें. त्यापासून संस्कृत चक्र, ग्रीक क्युक्लोस, आणि इंग्रजी व्हील हे शब्द आले. द्विरुक्ति न होतां 'क्वोल्-ओ' असें जें नाम झालें, तेंच स्लाव भाषांतील 'कोलो'. लुप्त झालेल्या जुन्या प्रशियन भाषेंत 'केलान' हा शब्द चाकास होता, तोही याच धातूचा.

मग एकीकडे च आणि दुसरीकडे क कां? 'चक्र' हा एकच शब्द या प्रश्नाचें उत्तर देतो, म्हणून आम्हांस तो फार प्रिय आहे. मूळ ध्वनीच्या पुढें ए-कार असला तर संस्कृतांत त्याचा तालव्य च होतो. नसला तर क राहतो. पुढें संस्कृतांत ऱ्हस्व ए-काराचा अ-कार झाला, त्यामुळें कारण लोपलें आणि कार्य मात्र राहिलें. 'चक्र' यांतील पहिल्या अक्षरामागें तो जुना ए-कार लपला आहे, म्हणून तेथें च. दुसऱ्याच्या पुढें ल-कार होता (तोच आतां र झाला आहे), म्हणून तेथें क. एका धातूचे दोन वर्ण एका शब्दांत शेजारीं शेजारीं दोन रूपांनीं उभे आहेत. स्लाव भाषांतही हीच खोड आहे. 'चत्वारः' या अर्थीं चेक लोक 'च्तिर्झि' म्हणतात, तेथें च. पण 'कोलो' यांत ओ-कार असल्यामुळें क-कार शाबूत. हा तालव्यीकरणाचा नियम इ. स. १८७० नंतरच्या दशकांत अनेक विद्वानांनीं जवळजवळ एकदमच शोधून काढला. यान कोलार त्यापूर्वींच निवर्तला होता. त्यास तो ठाऊक नव्हता, याचा दोष त्याच्या माथीं मारणें अन्यायाचें होईल.

येथपर्यंत संस्कृताभिमानी वाचक संतुष्ट होईल. पण आतां पुढची पायरी निसरडी आहे.

आमच्या भाषेंत सोनार, लोहार, कुंभार, चांभार हे शब्द आहेत. चेक भाषेंत कोलार्झ, कोवार्झ, तेसार्झ (सुतार), पेकार्झ (भटारी), म्लिनार्झ (दळणारा) हे आहेत. दोन्हीकडे धंदा, दोन्हीकडे शेवटीं 'आर'. चाक म्हणजे 'कोलो', त्यास '-कार' लावला कीं 'कोलोकार', त्यांतील क गळला कीं 'कोलार'. जसें कुंभकारापासून कुंभार. यापेक्षां सुबक व्युत्पत्ति कोणती? शाळेंत संस्कृत शिकवीत असतां आम्हीं अनुभवलें आहे कीं, असलें समीकरण फळ्यावर लिहिलें म्हणजे सगळा वर्ग प्रसन्न होतो. आणि तरीही तें सपशेल खोटें आहे.

खोटें कशावरून, तें पाहा. सुवर्णकार, कुंभकार या शब्दांतील क गळला तो प्राकृतांत. दोन स्वरांमधील अल्पप्राण व्यंजनें गाळण्याची खोड प्राकृतांची आहे. ही घडामोड स्लाव भाषेशीं ताटातूट झाल्यानंतर कित्येक शतकांनीं, हिंदुस्थानच्या भूमीवर घडली. स्लाव भाषांत दोन स्वरांमधला क-कार गळत नाहीं. 'पेकार्झ' हाच शब्द घ्या. यांतील 'पेक्' हा धातु म्हणजे आमचा 'पच्'. क दोन स्वरांमध्यें आहे आणि स्वस्थ बसला आहे. 'कोलोकार' असा शब्द कधीं असता, तर त्याचा क-कारही तसाच टिकता. तो टिकला नाहीं, कारण तो कधीं नव्हताच.

हा '-आर्झ' प्रत्यय खरोखर लॅटिन '-आरियुस' याचा वंशज आहे. तो जर्मन वंशाच्या भाषांनीं रोमन लोकांपासून उचलला, आणि स्लावांनीं त्या शेजाऱ्यांपासून घेतला. चौथ्या शतकांतील गॉथिक बायबलांत जकातदारास 'मोतारैस' म्हटलें आहे. नवव्या शतकांत सिरिल व मेथोदियस यांच्या परंपरेनें जें स्लाव भाषांतर केलें, त्यांत त्याच ठिकाणीं 'मितार' हा शब्द येतो. हे दोघे बंधु इ. स. ८६३ सालीं मोराव्हियांत, म्हणजे आजच्या चेक-स्लोवाक प्रदेशांतच, आले होते. प्रत्ययाचा प्रवास असा लेखी पुराव्यानें दाखवितां येतो. कोलार या नांवाचें धड भारत-युरोपीय आणि शेपूट रोमचें. 'तेसार्झ' याचीही गोष्ट हीच. 'तेस्' हा धातु आमच्या 'तक्ष्' याचा सख्खा भाऊ, पण प्रत्यय तोच उसना. 'म्लिनार्झ' यांत तर मूळ शब्दही, 'म्लिन' म्हणजे गिरणी, लॅटिन 'मोलिना' यावरून आला आहे.

तर मग रोमचें शेपूट चिकटण्यापूर्वीं स्लाव लोक चाक करणाऱ्यास काय म्हणत? हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं, पण त्याचें उत्तर आमच्या दृष्टीनें सर्वांत मौल्यवान आहे. जुना शब्द 'कोलोद्येय'. पोलिश भाषेंत 'कोलोजेय' या रूपानें तो धंद्याचें नांव व आडनांव म्हणून आजही आहे. पोलंडच्या पहिल्या राजवंशाचा मूळपुरुष पिआस्त यासही मागाहूनच्या परंपरेनें 'कोलोजेय' ठरविलें. (बाराव्या शतकाच्या आरंभींचा अनामिक बखरकार मात्र त्यास साधा नांगरकरी म्हणतो.) चेक भाषेंत हा शब्द धंद्याच्या अर्थानें मागें पडला, पण गांवांच्या नांवांत अडकून राहिला. प्राग शहराच्या पूर्वेस कोलोद्येये आहे, लुझ्नित्से नदीकांठीं दुसरें आहे. जुन्या राजांच्या काळीं एकेका धंद्याच्या सेवकांच्या वस्त्या असत. श्तितारि हे ढाली करणारांचें, ओव्हचारि हे मेंढपाळांचें, प्सारि हे राजाच्या शिकारी कुत्र्यांची निगा ठेवणारांचें गांव. कोलोद्येये हें त्याच मालिकेंतील. यांतील उत्तरपद 'द्येय' म्हणजे करणारा. आणि तें मूळच्या 'धे' धातूपासून, म्हणजे आमच्या 'धा' धातूपासून आलें आहे. संस्कृताच्या जवळचा शब्द हवा असेल तर तो हा आहे. तो कानाला 'कुंभारा'सारखा लागत नाहीं, म्हणून हौशी व्युत्पत्तिकार त्याकडे ढुंकून पाहात नाहींत.

आमच्या 'कृ' धातूचा वंशज स्लाव भाषांत नाहींच असें मात्र नव्हे. 'चारि' म्हणजे जादूटोणा, 'चारोद्येय' म्हणजे जादूगार. तो शब्द बहुतेक विद्वान 'कृ' शीं जोडतात, आणि ज्यांस 'कृत्या' या शब्दाचा अथर्ववेदी अर्थ ठाऊक आहे त्यांस त्यांत नवल वाटणार नाहीं. कुंभाराचा 'कार' तिकडे सांपडत नाहीं, कृत्येचा सांपडतो.

रूपसादृश्याच्या बाकीच्या मोहांस दोन ओळी पुरेत. संस्कृत 'कुलाल' म्हणजे कुंभार. तोही चाकावरच काम करतो, पण त्याचा 'कोलो'शीं संबंध नाहीं. कर्नाटकांतील कोलार, जेथील सोन्याच्या खाणी २००१ सालीं बंद झाल्या, तें एक स्थलनाम, त्याचाही नाहीं. जर्मन 'क्योलर' म्हणजे कोळसा पाडणारा, तोही वेगळा. उलट ज्यांचा संबंध आहे ते शब्द सहज ओळखूं येत नाहींत. 'कोलाच', म्हणजे सणासमारंभाची वाटोळी गोड पोळी, ही 'कोलो'चीच. 'कोलोव्रात', म्हणजे सूत कातण्याचा चरखा, यांत तर 'कोलो' आणि 'वृत्' धातूचा सगोत्र असे दोन्ही आहेत. आणि कोलोव्रात हें बोहेमियाच्या एका मोठ्या सरदारघराण्याचें नांव आहे.

जर्मनांत चाकास 'राड' म्हणतात, तें आमच्या 'रथ' शब्दाचें सगोत्र. 'राडेमाखर' म्हणजे चाकें करणारा. हंगेरियन लोक 'केरेक' म्हणजे चाक यावरून 'केरेकेश' म्हणतात, किंवा जर्मन 'वाग्नर' याचा अपभ्रंश करून 'बोग्नार' म्हणतात. चार शेजारी, एक धंदा, चार आडनांवें. हंगेरीच्या जुन्या राज्यांत या चारही नांवांचीं कुटुंबें एकाच पेठेंत भेटत.

रथ शब्द आला म्हणून रथकाराचें अधिकरण आठवलें. श्रौतग्रंथांत रथकारानें वर्षाऋतूंत अग्न्याधान करावें असें विधान आहे. जैमिनीनें सहाव्या अध्यायाच्या पहिल्या पादांत त्यावर प्रश्न उपस्थित केला आहे: येथें रथकार म्हणजे रथ करणारा कोणीही त्रैवर्णिक, कीं रथकार नांवाची एक विशिष्ट जात? अवयवार्थ घेतला तर पहिला पक्ष. लोकांतील रूढ अर्थ घेतला तर दुसरा. सिद्धांत असा झाला कीं रूढार्थ बलवान्. योगार्थानें त्यास बाध येत नाहीं. आडनांवाचा अभ्यास करणारानें हें अधिकरण पाठ करावें. शब्दाची व्युत्पत्ति हा योग; घराण्याचें नांव ही रूढि. 'कोलार्झ' या शब्दाचा अर्थ चाक करणारा हें सिद्ध झालें, म्हणून अमुक कोलार्झाचा पूर्वज चाकें करीत होता हें सिद्ध झालें नाहीं.

याचें प्रमाण त्या देशाच्या कागदपत्रांतच आहे. ट्रेंट येथील धर्मपरिषदेच्या १५६३ सालच्या ठरावानंतर कॅथलिक गांवोगांवीं विवाह-बाप्तिस्म्यांच्या नोंदवह्या सुरू झाल्या, तरी आडनांव स्थिर नव्हतें. घरजांवई ज्या घरीं जाई त्या घराचें नांव त्यास लागे. शेतवाडी विकत घेणाऱ्यास जुन्या मालकाचें नांव चिकटे. कोलार्झाच्या घरांत राहावयास गेलेला विणकर पुढच्या नोंदींत कोलार्झ म्हणून दिसतो, आणि त्याचा मुलगाही. इ. स. १७८० नंतरच्या दशकांत बादशहा जोसेफ दुसरा याच्या फर्मानांनीं हा प्रवाह गोठला; त्या क्षणीं ज्याला जें नांव होतें तें वंशपरंपरा झालें. आमच्याकडेही १९५० च्या कायद्यानें वतन गेलें, कुलकर्णी राहिला.

आणि सर्वांत चांगलें उदाहरण ज्यास हीं पत्रें लिहिलीं तो शाफारिकच आहे. 'शाफार' म्हणजे जमीनदाराच्या शेतवाड्यावरचा कारभारी. शब्द जर्मनांतून आलेला. त्यास लघुत्ववाचक '-इक' लागून शाफारिक, म्हणजे कारभाऱ्याचा पोर. परंतु या शाफारिकाचा बाप कोबेल्यारोव्हो गांवचा लुथेरपंथी धर्मोपदेशक होता. चाकवाल्या नांवाच्या धर्मोपदेशकानें कारभारी नांवाच्या धर्मोपदेशकपुत्रास पत्रें लिहिलीं. दोघांच्याही नांवांतील धंदा त्यांच्या हातीं नव्हता.

आतां ग्रंथाच्या पद्धतीविषयीं. कोलारचा स्लाव जातीविषयींचा कळवळा खरा होता, आणि त्याचें कारणही खरें होतें. इ. स. १८१७ ते १८१९ पर्यंत तो जर्मनींत येना येथें शिकत असतां त्याच्या ध्यानांत आलें कीं, सभोंवतालच्या अनेक गांवांचीं नांवें स्लाव आहेत, पण तीं बोलणारे लोक नामशेष झाले आहेत. हें त्याचें अनुमान बरोबर होतें. 'इत्स्' या शेवटाचीं तेथील अनेक ग्रामनामें खरोखर स्लाव आहेत. पुढें पेश्त येथें आपल्या मंडळीला स्वतःच्या भाषेंत प्रार्थना करतां यावी यासाठीं त्यास वर्षानुवर्षें झगडावें लागलें. 'स्लावि त्सेरा' (१८२४) हें त्याचें काव्य याच व्यथेंतून निघालें, आणि तें अजून वाचलें जातें. ज्याच्या लोकांस शेजारी अडाणी कुणबी म्हणून हिणवीत, त्यास गंगेच्या कांठीं आपले भाऊ आहेत असें समजलें, तर त्यानें हुरळून जावें हें मनुष्यस्वभावास धरून आहे. पण व्यथा हें प्रमाण नव्हे. गांवांच्या नांवांनीं एकदां खरें सांगितलें म्हणून त्यानें सर्वच नांवांवर विश्वास टाकला. शेवटीं मरणोत्तर १८५३ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'स्तारोइतालिया' या ग्रंथांत प्राचीन इटलीचे लोकही त्यानें स्लाव करून सोडले.

दुःख याचें कीं, ज्या देवीच्या नांवानें ग्रंथ लिहिला तिचा प्राचीन साधनांत पत्ता नाहीं, पण तिच्या नांवाचें संस्कृताशीं नातें खरें आहे. 'स्लावा' म्हणजे कीर्ति, 'स्लोवो' म्हणजे शब्द; दोन्हीही 'श्रु' धातूच्या कुळांतले. 'स्लोवो' आणि 'श्रवस्' हे तर एकच शब्द होत. जुन्या स्लाव भाषेंत त्याची षष्ठी 'स्लोवेसे', आमची 'श्रवसः'. आमच्या श-काराच्या जागीं तिकडे स-कार येतो, तो एकदां नव्हे तर नियमानें: शत म्हणजे 'स्तो', दश म्हणजे 'देसेत'. एवढें दाखवून थांबला असता तर कोलारचें नांव आज तुलनात्मक भाषाशास्त्राच्या इतिहासांत आदरानें घेतलें गेलें असतें. तो शब्दापासून देवीकडे, देवीपासून पुराणाकडे, पुराणापासून वंशाकडे उडी मारीत गेला. वर्णांचें नियत परिवर्तन हा पूल आहे. अर्थाची जुळवाजुळव ही उडी आहे, आणि उडी किती लांब हें मारणाराच्या उत्साहावर अवलंबून.

हस्तलिखितांच्या संग्राहकांनीं या प्रकरणाकडे आणखी एका कारणासाठीं पाहावें. त्याच काळीं, त्याच भावनेंतून, बोहेमियांत दोन 'प्राचीन' हस्तलिखितें प्रकट झालीं. एक १८१७ सालीं द्वूर क्रालोव्हे येथें वाक्लाव हांका यास 'सांपडलें'. दुसरें १८१८ सालीं निनांवी पत्रासह प्रागच्या मुख्य अधिकाऱ्याकडे आलें, तो अधिकारी वर सांगितलेल्या कोलोव्रात घराण्याचाच काउंट होता. दुसऱ्यास वृद्ध दोब्रोव्स्कीनें स्पष्टपणें बनावट म्हटलें, आणि त्याबद्दल स्वजनांच्या शिव्या खाल्ल्या. शाफारिकासारख्या संयमी पंडितानें पालात्स्कीच्या जोडीनें १८४० सालीं त्यांची कड घेतली. शेवटीं १८८६ सालीं यान गेबाउअर यानें मासारिकच्या 'आथेनेउम' मासिकांत व्याकरणाचा पुरावा मांडला: त्या हस्तलिखितांत जीं रूपें आहेत तीं त्या शतकाच्या चेक भाषेंत नव्हतीं. शाई व चर्मपत्र यांवर वाद चालू राहिला, पण वर्ण आणि प्रत्यय खोटें बोलले नाहींत. आमच्याकडे जुन्या बाडांच्या व सनदांच्या सत्यासत्यतेविषयीं जे वाद होतात, त्यांत लेखनिकाच्या अक्षराकडे जितकें लक्ष जातें त्याच्या चौथाईही विभक्तिरूपांकडे जात नाहीं. तें जावें, अशी आमची विनंति आहे.

गेबाउअर हें आडनांव जर्मन असून त्याचा अर्थ शेतकरी; चेक भाषेची शुद्धता राखणाऱ्याचें नांव परभाषेचें निघावें, यावरून कोणीं त्याच्या चेकपणाविषयीं शंका घेतली तर तें योगार्थानें रूढार्थास मारणें होईल. आणि मासारिक, जो पुढें १९१८ सालीं चेकोस्लोव्हाकियाचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला, त्याच्या नांवांत 'मासार्झ' म्हणजे खाटीक हा शब्द आहे. 'मासो' म्हणजे मांस. येथें संस्कृताशीं नातें डोळ्यांनीं दिसतें आणि खरेंही आहे. त्यापुढें तोच लॅटिन '-आर', त्यापुढें शाफारिकांतला '-इक'. कोलारच्या नांवाचें जें पृथक्करण वर केलें, तें येथें पुन्हां तसेंच उतरतें. नियम एकदांच लागू पडला तर योगायोग म्हणतां येईल; हा दरवेळीं लागू पडतो.

उरला प्रश्न नोंदवह्यांचा. ज्यांस तिकडील जुने कागद, त्यांचीं छायाचित्रें किंवा मुद्रित सूची हाताळण्याचा प्रसंग येईल, त्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें कीं, कोलार्झ हें एकच नांव अनेक वेषांत येतें. वर्णांवर खुणा देऊन लिहिण्याची पद्धत पंधराव्या शतकाच्या आरंभीं, यान हुस याच्या नांवावर मोडणाऱ्या एका लॅटिन निबंधानें घातली. पण ती रुजण्यास वेळ लागला, आणि तोंवर 'र' व 'ज़' अशीं दोन अक्षरें जोडून लिहीत. जर्मन कारकून कानाला येईल तसें लिही. कधीं दोन ल, कधीं शेवटीं श. स्त्रियांच्या नांवास '-ओवा' लागून 'कोलार्झोव्हा' होतें, तें निराळें घराणें नव्हे. १ जानेवारी २०२२ पासून चेक कायद्यानें स्त्रियांस तो प्रत्यय न लावण्याची मोकळीक दिली आहे, त्यामुळें नव्या नोंदींत एकाच घरांतील दोघी बहिणी दोन रूपांनीं आढळल्यास आश्चर्य मानूं नये. 'कोलार्झिक' म्हणजे कोलार्झाचा मुलगा किंवा धाकटा कोलार्झ; तो मात्र बहुधा वेगळी शाखा असतो. आणि जेथें जर्मन पद्धतीचें 'कोलर' किंवा 'क्योलर' दिसेल, तेथें तो चाकवाला कीं कोळसेवाला हें त्या एका नोंदीवरून ठरवूं नये. त्याच कुटुंबाच्या मागच्या-पुढच्या तीन-चार नोंदी काढाव्या, आणि पाद्री चेक होता कीं जर्मन हें आधीं पाहावें.